आहेरात आलेली मेमरी

गुरुवार, १ जानेवारी २००४

टोकावडे नाक्यावरच्या खतवाल्याने यंदा कॅलेंडर न देता डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाला शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलाय. आजचा: 'बियाणे आणण्यापूर्वी आपली जमीन तपासून घ्यावी.' आमची जमीन थोरला भाऊ बघतो, तेव्हा हा सल्ला माझ्या कामाचा नाही. मी कॉम्प्युटरवाला माणूस.

रोज लिहायचं ठरवलंय. टोकावड्यात पहिला कॉम्प्युटर कोणी आणला असं उद्या कुणी विचारलं, तर लेखी पुरावा असलेला बरा. तो मी आणला, १९९८ साली. मुरबाडला तीन महिन्यांचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं आणि कोंडूमामाच्या गाळ्यात 'अनिल कॉम्प्युटर्स' उघडलं. अर्ज, टायपिंग, लग्नपत्रिका. टायपिंग माझी बायको माधुरी करते, बाकी सगळं मी बघतो. बाकी सगळं म्हणजे काय रे, असं काल मामाने चारचौघांत विचारलं. देखरेख, मी बोललो. मामा हसला. मला नाही आवडलं.

मोठी बातमी ही, की कल्याणची एक संस्था या रस्त्यावर कॉम्प्युटर शिकवायचं केंद्र देणार आहे. अट एकच. आपलं एक मशीन त्यांच्या धड्यांच्या सीडीवर नीट चालून दाखवायचं. चाललं की पाच नवी मशीनं ते पाठवणार. तपासणी मार्चमध्ये. आमचं मशीन मात्र सीडी घातली की दम लागल्यासारखं घरघरतं आणि गप्प बसतं. मेमरी बत्तीस एमबी, त्यांना पाहिजे एकशे अठ्ठावीस. म्हणजे नवे भाग घालावे लागणार.

मामाचं ठरलंय: पाडव्यापर्यंत केंद्र आलं तर गाळा आमचा, नाहीतर तिथे त्याचं कोंबडीचं दुकान. पिंजरा त्याने आत्ताच आणून आमच्या दारात ठेवलाय. माधुरी काल जेवली नाही. "गावच्या पोरींना मुरबाडला कोण धाडतो? इथं झालं तर येतील तरी," एवढंच बोलली. तिला माझ्या धंद्याची इतकी काळजी आहे हे बघून बरं वाटलं.

बुधवार, ७ जानेवारी

म्हसा गावची जत्रा, गुरांचा मोठा बाजार. सासरे देवजीबाबा वैशाखऱ्याहून आले होते, त्यांच्या जोडीतला एक बैल गेलाय, दुसरा बघायचा होता. त्यांच्या खिशात एक सुतळी, तिला तीन गाठी. घरच्या बैलाची उंची, छाती आणि मानेचा घेर. दिसेल त्या बैलाला सुतळी लावायची, मान हलवायची, पुढे जायचं. चौदा बैल बघितले आणि रिकाम्या हाताने परत! त्यातला एक खिलारी तर काय देखणा होता, शिंगं कशी कमानीसारखी. मी बोललो, "बाबा, एवढा झकास बैल सोडला?"

"झकास हाय हो जावयबापू. पन घरचा हाय तो बुटका. जू तिरकं बसंल, दोघं बी मरतील."

जुन्या माणसांना दर्जेदार वस्तू घ्यायची सवयच नाही. घरी येताना माधुरीला हे सांगून हसलो. ती हसली नाही. तिने सुतळी बघायला मागून घेतली होती.

रविवार, ११ जानेवारी

भावकीची बैठक आमच्या ओट्यावर. मशीनचे भाग कसे आणायचे हा विषय. मी मांडलं, की आपल्यात हळदीला जशी प्रत्येक घरातून एक वस्तू येते, तसा प्रत्येकाने एक भाग आणावा. आहेर म्हणून! कॉम्प्युटरला भावकीचा आहेर, असं अख्ख्या तालुक्यात कुणी केलं नसेल. सगळ्यांनी माना डोलवल्या.

मग मानाप्रमाणे वाटप. कोंडूमामा सगळ्यात मोठा, तो बोलला, "मला भायेरून दिसंल अशी वस्तू पायजे." त्याला कॅबिनेट, म्हणजे वरचा डबा दिला. अनंतादादा भावांत थोरला, त्याला हार्ड डिस्क, कारण वजनदार. डोंबिवलीच्या गोदूआत्याला मेमरी, कारण तिला सगळ्यांचे वाढदिवस पाठ असतात. चुलतभाऊ गणू धाकटा, त्याला कीबोर्ड.

मी यादी लिहीत होतो तर आतून माधुरी चहा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर बोलली, "मेमरी कुठल्या खाचेची ते लिवा. आपल्या मशीनला कुठली लागतं ते आदी बगाया पायजे."

"मेमरी ती मेमरी," मी बोललो. "कोर्स मी केलाय."

यादी अशी: कॅबिनेट एक, हार्ड डिस्क एक, मेमरी एक, कीबोर्ड एक. स्वच्छ अक्षरात. चार प्रती काढल्या.

मंगळवार, १३ जानेवारी

गाळ्यातलं टेबल डुगडुगतंय. पायाखाली मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घालून ठेवलं होतं, सहा वर्षं काही तक्रार नव्हती. ते माधुरीने काढून घेतलं आणि दुपारभर वाचत बसली. चित्रं आहेत आत. मी दुमडून एक जुनी लग्नपत्रिका घातली, पण ती मजा नाही.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी म्हणून आजचा मुहूर्त धरला होता. गाळ्यात पाट मांडला. आईने, म्हणजे जनाबाईने, चारही डब्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मामाचं कॅबिनेट काय सांगू! काळंभोर, पुढे निळा दिवा, माझ्या मांडीएवढं उंच. मामा त्याच्या शेजारी उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "हा माजा." गोदूआत्या डोंबिवलीहून मेमरी पदराखाली झाकून घेऊन आली. सगळ्यात नवी मागितली, दुकानदाराने सगळ्यात नवी दिली. मग झाला कार्यक्रम सुरू.

मेमरीला खालून एक खाच असते, मशीनच्या फटीत तिथेच एक उंचवटा असतो. आत्याच्या मेमरीची खाच भलतीकडे. नवीन वस्तू आहे, घट्ट असणारच, म्हणून मी जरा जोर लावला. "मोडंल!" म्हणून माधुरी एवढ्यांदा ओरडली की रस्त्यावरची एसटी थांबली. (तो थांबाच होता, पण तरी.) गणूच्या कीबोर्डाची पिन करंगळीएवढी, मशीनचं भोक अंगठ्याएवढं. अनंतादादाची हार्ड डिस्क लावली तर मशीन सुरू होताना ती मोजायला घेतं आणि मोजता मोजता तिथेच अडकतं. चाळीस जीबी आहे, जुनी होती चारची. एवढं मोठं कधी बघितलंच नव्हतं बिचाऱ्याने. आणि मामाच्या कॅबिनेटची वीज एका रुंद प्लगातून येते, आमच्या मशीनला दोन अरुंद लागतात.

चारातला एकही भाग बसला नाही. सगळी भावकी बाकावर, बघतेय. घाम फुटला मला. मी बोललो, "बसवायला वेळ लागतो. तुम्ही जेवून घ्या." जेवून सगळे घरी गेले.

मंगळवार, २७ जानेवारी

तोडगा निघाला. मामाचं नवं कॅबिनेट टेबलावर ठेवलं. रिकामंच, पण निळा दिवा लागेल अशी वायर जोडली. जुनं मशीन टेबलाखाली, वरून चादर. कीबोर्ड जुनाच, त्यावर गणूच्या कीबोर्डाचा डबा उभा केला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं नवं. मामा सकाळी येऊन दिवा बघून गेला, खूश.

आईला रिकाम्या कॅबिनेटचं कळलं तसं तिने त्यात नागलीचे पापड ठेवले. उंदीर लागत नाही बोलते.

रविवार, १ फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. माधुरीचं म्हणणं, भाग दुकानात बदलून आणू. अगो, आहेर परत करतात का? गोदूआत्याने दिलेलं लुगडं रंग आवडला नाही म्हणून दुकानात नेलं तर आत्या जन्मात उंबरा चढेल का? मामा तर पिंजरा आज आत आणील. मी बोललो, "भावकीचा मान राखायचा असतो. मशीन गेलं खड्ड्यात."

"मग पोरींनी पन खड्ड्यात जायाचं?" असं बोलून ती जी गप्प झाली ती गप्पच. भाकरी मात्र वेळेवर वाढली. ताटात आपटून.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

अजून अबोला. आज गाळ्यात आलो तर बाईसाहेबांनी मशीनचं झाकण उघडलेलं आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काहीतरी गिरवत बसलेली. फटीवर पुठ्ठा दाबायचा, उंचवट्याचा ठसा उमटला की त्यावर पेन्सिल फिरवायची. मग कीबोर्डाच्या भोकाचं गोल. खाली बारीक अक्षरात आकडे. रांगोळीचा नमुना असेल. घरात एवढं संकट आणि हिला नक्षी सुचतेय. पण बोलायचं नाही असं ठरलं असल्यामुळे विचारलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा. पत्रिका द्यायला वैशाखऱ्याला गेलो होतो. देवजीबाबांनी शेवटी बैल घेतला. सुतळीत बसणारा, दिसायला अगदी साधा. तो जुन्या बैलाशेजारी बांधला होता, एकाच गव्हाणीवर. बोलले, "आठ दिस जवळ बांदायचं. वास वळकीचा झाला का मग जू."

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आम्ही घाई केली! डब्यातून काढलं आणि कोंबलं. ओळखच झाली नव्हती.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मेमरी, हार्ड डिस्क आणि कीबोर्ड आपापल्या डब्यांत घातले, डबे फडक्यात बांधले, गाठोडं टेबलाखाली जुन्या मशीनला चिकटवून ठेवलं. मशीन दिवसातून दोनदा चालू करायचं, म्हणजे ऊब लागेल. आठ दिवस कुणी गाठोडं सोडायचं नाही असं घरात बजावलं. माधुरी बारा वाक्यांइतकी माझ्याकडे बघत राहिली, मग बोलली, "नाय सोडत कोन." अबोला सुटला. माझी कल्पना पटल्याशिवाय थोडीच सुटेल.

सोमवार, ९ फेब्रुवारी

माधुरी सकाळच्या गाडीने माहेरी गेली, आईचा गुडघा दुखतोय म्हणून. मोठी पिशवी घेऊन गेली, तेल आणि पाला असेल. संध्याकाळी मी नाक्यावर उभा, तर ही उतरली कल्याणहून येणाऱ्या गाडीतून. वैशाखरे तर घाटाच्या बाजूला! विचारलं तर बोलली, "झोप लागली गाडीत." बिचारी. दमते फार. झोपेत पार कल्याणपर्यंत गेली आणि तिथून परत आली. कंडक्टर लोकांना काही जबाबदारीच नाही.

आल्या आल्या गाळ्यात झाडू मारायला गेली. मी बोललो, गाठोड्याला झाडू लावू नको.

शनिवार, १४ फेब्रुवारी

झालं! झालं! झालं!

आठ दिवस पुरे झाले. गाठोडं सोडलं. डबे तेच, त्यांवरचं हळदकुंकू तसंच. मेमरी हातात घेतली, फटीवर धरली, आणि अंगठ्याने दाबली तर टक्क! दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप वर आल्या. खाच बरोबर उंचवट्यावर. सरकली म्हणायची की काय! कीबोर्डाच्या पिनेला एक जाड टोपीसारखी पिन आलेली, ती मोठ्या भोकात गपकन बसली. आधी ही माझ्या नजरेतून सुटली असणार. हार्ड डिस्कच्या मागची एक काळी टिकली एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलेली दिसली. चाळीसची बत्तीसच दाखवते, पण मशीन मोजून मोकळं झालं, अडकलं नाही. आठ जीबी तिने नम्रपणे सोडले, असं मी समजतो.

सीडी घातली. धडा पहिला सुरू झाला, सीडीतली बाई बोलायलाही लागली. माधुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बोललो, "बघितलंस? तुझ्या बापाचीच कल्पना, पण लावली मी."

"हो," ती बोलली. "हाताला गुण हाय तुमच्या."

रविवार, ७ मार्च

धुळवड. भावकी जमली होती. मी सगळ्यांना जवळ बांधण्याची पद्धत समजावून सांगितली, पहिल्यापासून. गोदूआत्या पदर तोंडाला लावून ऐकत होती, मधेच तिला ठसका लागला. अनंतादादा उठून बाहेर गेला. गणूने विचारलं, "दादा, मेमरीला वैरण काय घातलीस?" गणू पहिल्यापासूनच टवाळ आहे. तपासणी शुक्रवारी. साहेबांसाठी टोपी, टॉवेल, नारळ आणून ठेवलाय.

शुक्रवार, १२ मार्च

लिहू का नको असं झालंय. पण डायरी पुरावा म्हणून सुरू केली, तर हेही लिहायला पाहिजे.

साहेब आले नाहीत, समीक्षा मॅडम आल्या. पंचविशीतली पोर. टोपी कुणाला घालायची हा पहिला घोटाळा. तिने सीडी चालवून बघितली, धडा धडाधड चालला, खूश झाली. मग मला विचारलं, "जुन्या मशीनला नवे पार्ट्स लावलेत ना? जुळतायत का हे कसं तपासलं? पाच मशीनं देणार, सांभाळणारा माणूस कसा आहे ते मला बघायचंय."

मी घसा साफ केला आणि सांगितलं. वास, ऊब, आठ दिवस, सगळं. म्हशाच्या जत्रेपासून.

मॅडम पेन हातात धरून बसली. मग हळूच बोलली, "कॅबिनेट उघडता का?" आणि मी काही बोलायच्या आत तिने टेबलावरच्या निळ्या दिव्याच्या डब्याचं झाकण सरकवलं. आत पापड. नागलीचे, दोन चळती.

 दारात मामा उभा, अनंतादादा उभा, गोदूआत्या मुद्दाम डोंबिवलीहून आलेली. मला वाटलं, गेलं. गाळा गेला, केंद्र गेलं, मामाचा मान सगळ्यांदेखत गेला. मॅडम कागद पिशवीत घालायला लागली.

तेव्हा माधुरी पुढे झाली. टेबलाखालची चादर ओढली, जुनं मशीन पुढे घेतलं, झाकण काढलं. ब्लाऊजमधून तो पुठ्ठा काढून मॅडमच्या हातात दिला, रांगोळीचा. "ही आमच्या मशीनची मापं. मेमरीची खाच हितं पायजे, आलेली होती ती तितं होती. म्हनून कल्यानला बदलून आनली. कीबोर्डाला ही जोडपिन घेतली. डिस्क या मशीनला बत्तीसच्या वर मोजता येत नाय, पुस्तकात लिवलंय, तर मागची टिकली सरकवली. कॅबिनेट बदलता नाय आलं, विजेचा प्लग येगळा हाय, म्हनून ते तसंच ठेवलंय. आदी माप, मग वस्तू."

मॅडम पुठ्ठा बघत राहिली. मग तिने माझा नाही, माधुरीचा हात धरला. पुढचं मी ऐकलं नाही. पिंजऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो.

शनिवार, १३ मार्च

आज काही लिहायचं नाही.

मंगळवार, १६ मार्च

मी गोदूआत्याला विचारलंच. "तुझी मेमरी परत केली, तुला राग नाय आला?"

"अनिल्या, परत कराया मीच गेले ना तिच्यासंगं! मेमरी माजी, पावती माज्याकडं. माधुरी सकाळी माज्या दारात आली, पुठ्ठा घेऊन. आमी दोघी गेलो कल्यानच्या दुकानात. दुकानवाला नाय बोलत होता, मी तितंच बसले फतकल मारून."

म्हणजे त्या दिवशी गाडीत झोप लागलीच नव्हती. आणि अनंतादादाला माहीत होतं, गणूला माहीत होतं. मामाला? मामाने तर पहिल्याच आठवड्यात कॅबिनेटमधला पापड काढून खाल्ला होता. रोज येऊन एक खायचा.

"मग कुणी बोललं का नाय मला?"

आत्या सुपातले तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. "तू आमचा मान राखायासाटी मरत होतास रे. तुजा पन कोनी तरी राखाया नको?"

मी अडीच महिन्यांत लिहिलेलं सगळं आज वाचून काढलं. फार लाज वाटली. सगळ्यांत जास्त त्या ओळीची, कंडक्टरला जबाबदारी नाही म्हणून लिहिलंय त्या. मला न सांगता कल्याणला गेली, बदलून आणलं, परत येऊन माझ्या गाठोड्यात जसंच्या तसं बांधलं, आणि हाताला गुण आहे बोलली. माझी बायको. मी मात्र तिला अडाणी समजत होतो, कारण भिंतीवर फ्रेम माझी होती.

रविवार, २१ मार्च

पाडवा. केंद्र मिळालं. मंजुरीचं पत्र 'सौ. माधुरी, केंद्रचालक' या नावाने आलंय. पाच मशीनं पुढच्या महिन्यात. मामाने पिंजरा स्वतः उचलून नेला, जाताना कॅबिनेटही घेऊन गेला, त्यात पिल्लं ठेवतो बोलला, दिव्याची ऊब बरी पडेल. आईने पापड काढून घेतले, मोजून.

दुपारी माधुरीने प्रवेशाचे अर्ज छापले. गावच्या अकरा पोरी रांगेत. बाराव्या नंबरला मी उभा राहिलो. पोरी खुदुखुदु हसल्या. माधुरीने वर बघितलं, तिला वाटलं मी काही विचारायला आलोय.

"फॉर्म दे," मी बोललो.

तिने दिला. नाव लिहिलं, गाव लिहिलं. तिसरा रकाना: 'संगणकाचे पूर्वज्ञान असल्यास.' समोर भिंतीवर माझी फ्रेम होती. त्या फ्रेमकडे एकदा बघितलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: नाही.

माधुरीने वाचलं.  टेबल डुगडुगत होतं, म्हणून तिने ते इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि बोलली, "पायाखाली नाय घालायचं. वाचायचं."